अंजूच्या घरचा गुरुवार

"सरका गं बायांनो, सरका थोडं! अजून एक माणूस बसंल!"

हा आवाज तारामतीआजीचा. आजी जाऊन बारा वर्षं झाली. तिची काठी गेली, तिची ट्रंक गेली, तिच्या घराच्या जागी नातवानं सिमेंटच्या दोन खोल्या बांधल्या. आवाज मात्र माझ्या सुतात अडकून राहिला आहे, बाभळीच्या काट्यात पदर अडकावा तसा.

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. तेरा हात लांब, सात हात रुंद. अंगावर निळे पट्टे, विटकरी पट्टे, मधोमध चहाचा डाग आणि एका कोपऱ्याला उंदरांनी पाडलेलं भोक. माझ्यासारख्या जुन्या वस्तू गोष्ट सांगायला बसल्या की उसासे टाकतात, हे मला ठाऊक आहे. माझ्याकडून उसाशांची वाट बघू नका. मला राग आलेला आहे. दोन वर्षं तो मी घडी घालून ठेवला. आज ती घडी उलगडते.

माझा जन्म औशाचा. भूकंपानंतरच्या दुसऱ्या वर्षी, किल्ल्याच्या अंगाच्या एका गल्लीत, गफूरचाचांच्या मागावर मी विणली गेले. विणायचे चाचा, पण रंग ठरवायची त्यांची बायको अख्तरी. तारामतीआजी चाकूरकडच्या आमच्या गावाहून एसटीनं आली आणि मापाची दोरी पुढं टाकून म्हणाली, "एवढी पाहिजे."

अख्तरीनं दोरी सोडली, तर ती दारातून बाहेर गल्लीत गेली. "या अल्ला! इत्ती बडी कायको माय? शादी है क्या घर में?"

"शादी न्हाई बाई. आमची अकरा घरं ख्रिस्ती. गावात चर्च न्हाई. गुरुवारी कुनाच्या घरी प्रार्थनेला बसावं म्हनलं, तर बसायला काय न्हाई. मंग हेच आमचं चर्च म्हन."

अख्तरी थोडा वेळ सुताच्या लडी चाळत राहिली. "तो फिर चर्च नीला करतूं," ती म्हणाली. "मैल दिखता नै."

अशी मी निळी झाले.

आमच्या गावची रीत अशी होती. गुरुवारी दिवस कलला की घरसभा. ज्याच्या घरी मी, त्याच्या घरी सभा. सभा संपली की त्या घरची बाई मला झटकायची, घडी घालायची आणि घरचा माणूस मला खांद्यावरून पुढच्या दारात नेऊन म्हणायचा, "घ्या, आता तुमच्या घरचा गुरुवार." मागोमाग सगळे यायचे, चहा व्हायचा, आणि मग आठवडाभर माझा मुक्काम तिथं. ते घर त्या आठवड्यात सारवलं जायचं, नवरा-बायकोचा अबोला असला तर तो बुधवारच्या आत सुटायचा, शेजाऱ्यांकडून कपबश्या मागून आणल्या जायच्या. खोली लहान असली तर माझं अर्धं अंग आत आणि अर्धं अंगणात. मी उंबरठ्यावर वाकून झोपायची. कंबर दुखायची, पण त्या दुखण्यात सुख होतं.

आजीचा एक नियम मात्र फार कडक. माझ्यावर बसलेल्या माणसानं काही दिल्याशिवाय उठायचं नाही. कुणी गीत द्यायचं, कुणी शास्त्रातलं एखादं वचन, कुणी साक्ष. साक्ष म्हणजे आठवडाभरात देवानं आपल्याला कसं सांभाळलं, किंवा आपण कुठं घसरलो, ते सगळ्यांसमोर खरंखरं सांगायचं. तेही जमलं नाही तर मनातलं एक दुखणं पुढ्यात ठेवायचं, बाकीच्यांनी त्यासाठी प्रार्थना करायची. "ताटावर बसलं की सगळ्यांची तोंडं चालतात," आजी म्हणायची, "मंग हितंच का शिवली?"

आमचे श्रीमंततात्या बकऱ्या राखायचे. ते दर गुरुवारी सगळ्या वचनांतलं सर्वांत लहान, दोन शब्दांचं वचन म्हणायचे आणि भिंतीला टेकून घोरू लागायचे.

"तात्या, सात वर्सं झाली," आजी ओरडायची. "तिसरा शब्द कवा शिकनार?"

"शिकंन की आक्का. पर मंग पैला इसरंल."

सगळी सतरंजी हसायची. म्हणजे मी नव्हे, माझ्यावरची माणसं. पण हसणाऱ्या माणसांचा भार अंगावर असला की तुम्हीही आपोआप हसता.

मी माणसांना तोंडावरून ओळखत नाही. मी ओळखते गुडघ्यांवरून, घोट्यांवरून, बोटांवरून. मृत्युंजय गुडघे टेकून उठला की माझ्यावर दोन पांढरे गोल राहायचे, कारण तो पिठाची गिरणी चालवतो. आजीनंतर घरसभा तोच पुढं नेत होता. गिरणीच्या घरघरीवर बोलायची सवय, म्हणून त्याची प्रार्थनाही तीन गल्ल्यांत ऐकू जायची. माणूस मायाळू. कुणाचं लेकरू आजारी पडलं की स्वतःची मोटरसायकल काढून दवाखान्यात नेणारा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्याच्यावर फार रागावणार आहे.

आणि अंजू. हदगावकडून लग्न होऊन आलेली, आनंदराज गवंड्याची बायको. तिच्या बोटांना सदा हळद नाही तर चुना. ती ओव्या रचायची, भाकरी थापताना, धुणं पिळताना, आणि गुरुवारी त्या माझ्यावर बसून म्हणायची.

काळ्या गं रानामधी, फुलावर आली तूर,
मला सोडून प्रभू माझा, जायाचा न्हाई दूर.

पण अंजूचं खरं देणं गाण्यात नव्हतं. पुनम नवी सून होऊन आली, तेव्हाची गोष्ट सांगते. ही पोरगी चार माणसांत बसली की तिच्या पायाची बोटं माझ्यात रुतायची. तोंडातून शब्द फुटत नसे. तिची पाळी आली की सासू म्हणायची, "हिला काय येत न्हाई, पुढं चला." अंजू सरकत सरकत तिच्याजवळ गेली. "तू बोलू नको," ती हळूच म्हणाली. "मी गाते, तू नुसती टाळी दे. टाळी म्हंजे बी देनंच हाय." पहिल्या गुरुवारी पुनमनं टाळी दिली. तिसऱ्याला ओवीचं शेवटचं अक्षर धरलं. सहाव्या गुरुवारी ती आपली आपण तीन वाक्यांची प्रार्थना बोलली, आणि त्या दिवशी तिची बोटं माझ्यात रुतली नाहीत. माणूस असा उभा राहतो, मित्रांनो. भाषणानं नाही. कुणीतरी शेजारी सरकून बसल्यानं.

अंजूची लेक ऋतुजा आठ वर्षांची होती. सभा सुरू व्हायच्या आधी ती माझ्यावर खेळायची. निळा पट्टा म्हणजे नदी, विटकरी पट्टा म्हणजे जमीन. नदीत पाय पडला की बाद. तिच्या तळव्यांची थापथाप मला अजून मोजता येते.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुमारास तिला ताप आला. तो ताप उतरेना, अंगावर लाल ठिपके आले, म्हणून तिला लातूरला नेलं. त्या गुरुवारी मी मृत्युंजयच्या घरी होते. सगळी माणसं जमली, गुडघे टेकले, आणि मृत्युंजयनं आपला मोबाईल माझ्या मधोमध ठेवून अंजूला फोन लावला, आवाज मोठा करून. पलीकडून शब्द आले नाहीत. नुसतं रडणं आलं. आईचं असं रडणं मी याआधी ऐकलं नव्हतं. ते माझ्या पट्ट्यापट्ट्यांतून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं.

आणि मृत्युंजय एकाएकी ओरडला, "अंजूताई, रडू नको! मला वचन मिळालंय. देवानं सांगितलंय मला. ऋतुजा आपल्या पायानं चालत घरी येनार. आता कुनी संशय आनायचा न्हाई!"

"आमेन!" सगळे गरजले.

फोनमधून अंजूचा बारीक आवाज आला. "खरं का, भाऊ?"

"खरं."

शनिवारी सकाळी ऋतुजा गेली. संध्याकाळी तिला माती दिली.

त्या गडबडीत मला पुढच्या घरी न्यायचं राहून गेलं होतं. रविवारी पहाटे, गिरणी सुरू व्हायच्या आधी, मृत्युंजयनं मला एकट्यानं अंथरलं आणि तो माझ्यावर पालथा पडला. कपाळ माझ्यात घुसवून तो पुटपुटत होता. इतका हळू मी त्याला कधी ऐकला नव्हता. "देवा, तू काई बोलला न्हाईस. मीच बोललो. तिचं रडनं ऐकवंना, म्हनून बोललो."

तेव्हा मला त्याची दया आली. खरंच आली. कुणाचं दुःख सहन न होऊन माणूस नको ते बोलून जातो. मला वाटलं, आता हा उठेल, अंजूच्या दारात जाईल आणि हीच वाक्यं तिला सांगेल. तो उठला. मला झटकलं, घडी घातली, आणि गिरणीचा पट्टा चढवायला निघून गेला.

माझा राग तिथून सुरू होतो.

मृत्युंजयच्या घरानंतर मी श्रीमंततात्यांच्या घरी गेले. तात्यांनंतर नंबर अंजूचा. तात्यांच्या घरची सभा संपली, तशी मला घडी घालता घालता मृत्युंजय म्हणाला, "अंजूताईकडं आता नको. बिचारीला तरास कशाला? तिला निवांत राहू द्या." सगळ्यांनी माना हलवल्या. त्या माना हलताना अंगं सैल पडली, हे मला खालून कळलं. बरं झालं, असं प्रत्येकाला वाटलं. त्या आईला काय बोलायचं, हा प्रश्न सुटला.

तात्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि पुनमच्या घराकडं निघाले. वाट अंजूच्या दारावरून जाते. दार उघडं होतं. अंगण ताजं सारवलेलं होतं. चुलीवर मोठं पातेलं, त्यात चहाचं आधण. पाटीवर शेजारून आणलेले कप पालथे घालून ठेवलेले. अंजू दारात उभी होती, पदर खोचून, मला घ्यायला.

तात्यांचा खांदा आकसला. "चाललोय पुढं," एवढं ते बोलले, तेही जमिनीकडं बघून.  अंजूनं नुसतं माझ्याकडं पाहिलं. मला पाय असते ना, तर मी त्या खांद्यावरून उडी मारली असती आणि तिच्या अंगणात लोळण घेऊन पसरले असते. पण सतरंजीला दुसऱ्याच्या खांद्यावरूनच जावं लागतं.

मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी काही वाईट घडलं की तुम्हीही म्हणता ना, "त्याला आत्ता त्रास नको"? एकदा नीट तपासून बघा, त्रास कुणाला नको असतो ते.

अंजू तरी थांबली नाही. पुढच्या गुरुवारी ती आपण होऊन पुनमच्या घरी आली आणि माझ्या अगदी कडेला बसली. साक्षीची वेळ आली. पुनमची सासू उसासा टाकून बोलली, "देवानं तर वचन दिलं होतं बाई. आपल्यातच कुनाचा तरी इस्वास कमी पडला."

सगळ्यांच्या नजरा कुठं वळल्या, हे मला दिसलं नाही, पण कळलं, कारण अंजूच्या बोटांनी माझा एक धागा ओढून काढला आणि तो गुंडाळत राहिली, गुंडाळत राहिली, नखाला रक्त साकळेपर्यंत. त्या क्षणी तिथं एकच माणूस होता, ज्याला खरं माहीत होतं.  त्यानं घसा खाकरला. मी म्हटलं, आता बोलेल. त्यानं मोठ्यानं एक गीत सुरू केलं.

त्यानंतर अंजू आली नाही. आणि दर फेऱ्यात तिचं दार टाळून मी पुढं जात राहिले. पहिल्यांदा कारण दिलं होतं. नंतर कारणही लागेना. अकरा घरांची दहा घरं झाली, आणि कुणाच्या तोंडून "एक कमी हाय" असं निघालं नाही.

पुढल्या वर्षी बाहेरगावच्या कुणा भल्या माणसांनी आम्हाला पत्र्याचा हॉल बांधून दिला. लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, माईक आला, माणसाएवढा आवाजाचा डबा आला. लोक खूश झाले. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना आराम मिळाला, ते मला मान्य आहे. पण खुर्चीवर बसलेल्या माणसाला शेजारच्याचा गुडघा लागत नाही. माईक एकच, आणि तो मृत्युंजयच्या हातात. गीत तो द्यायचा, वचन तो, प्रार्थना तो. बाकीच्यांनी आमेन म्हणायचं आणि घरी जायचं. आजीचा नियम कुणी मोडला नाही; तो नुसता विसरला गेला. आणि तो विसरला गेल्यानं सर्वांत जास्त सुटका कुणाची झाली, ते मला माहीत आहे. कारण ज्या जागी प्रत्येकानं खरं बोलायचं असतं, तिथं त्यालाही बोलावं लागलं असतं.

माझं काय झालं? आधी मी त्या डब्याखाली गेले, धूळ लागू नये म्हणून. मग सुगीत कुणीतरी माझ्यावर सोयाबीन वाळवलं. मग हॉलच्या मागच्या कोपऱ्यात, जिथं पत्रा गळतो, तिथं मला टाकलं. उंदीर आले. ज्या अंगावर चाळीस माणसांचे गुडघे टेकले, त्या अंगावर उंदरांनी संसार थाटला. मला त्याचाही एवढा राग नाही. उंदीर निदान रोज यायचे.

गेल्या श्रावणातल्या एका गुरुवारी, भर दुपारी, पुनम हॉल झाडायला आली. झाडता झाडता ती कोपऱ्यात माझ्यावर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली. हॉलमागून रस्ता जातो. थोड्या वेळानं पावलं थांबली, दार करकरलं, आणि दोन वर्षांनी मी ते घोटे ओळखले. अंजू माझ्याजवळ उकिडवी बसली होती.

"पुनम? काय झालं गं? कुनी मारलं का?"

"न्हाई आक्का." हुंदके आवरेनात. "दुसऱ्यांदा पोटातलं गेलं. सासू म्हनती, सभेत एवढी प्रार्थना केली तुझ्यासाठी, तुझाच इस्वास कमी पडला."

 अंजूचा हात माझ्यावर टेकलेला होता, आणि तो हात तापत गेला, तव्यासारखा.

"खोटं हाय ते," ती म्हणाली. "ऐकतीस का? साफ खोटं. लेकरू जायला आईचा इस्वास कमी पडावा लागत न्हाई. तुझं काई चुकलं न्हाई."

पुनमनं वर पाहिलं असावं. "मंग तुमचं, आक्का? तुमचं काय चुकलं होतं?"

अंजूनं माझ्यावरचा हात उचलून घेतला.

"माझं येगळं हाय," अंजू म्हणाली.

बघा, किती विचित्र आहे माणूस. दुसरीच्या पायातला काटा तिला लख्ख दिसला, आणि स्वतःच्या पायातला खिळा ती हाड समजून चालत होती. मी ओरडत होते. माझ्या प्रत्येक पट्ट्यातून मी ओरडत होते, की अंजू, वचन मिळालंच नव्हतं! पण सुताला आवाज नसतो. राग असतो, तोंड नसतं. याहून वाईट काही नाही.

"ऊठ," अंजू म्हणाली. "एक टोक धर."

दोघींनी मला उन्हात नेलं. काठीनं अशी बडवली, की साठलेली धूळ आणि उंदरांचं सगळं गोत बाहेर पडलं. मार लागत होता आणि मला बरं वाटत होतं.

मित्रांनो, माझ्यासारखीच्या गोष्टीच्या शेवटी एक विनंती असते. ती मी आत्ताच करून टाकते, कारण शेवटचा शब्द माझा नाही. मला कसर लागू देऊ नका, ओलीत टाकू नका, उन्हं दाखवा, हे तर आहेच. पण त्याहून मोठी काळजी अशी घ्या, की ज्या माणसाजवळ जायची तुम्हाला भीती वाटते, त्याच्याजवळ आधी जा. हात रिकामे असले तरी जा. शब्द सुचत नसले तर नुसते बसा. त्याला धीर यावा म्हणून खोटं मात्र बोलू नका. आणि बोललात, तर त्याच दिवशी परत जाऊन खरं सांगा. खोटं दोन दिवसांत शिळं होत नाही. ते दुसऱ्याच्या अंगात मुळं धरतं.

आता पुढचं ऐका.

त्याच दिवशी उन्हं उतरताना हॉलमध्ये सभा सुरू झाली, आणि अंजू मला खांद्यावर घेऊन खुर्च्यांच्या मधून थेट पुढं गेली. माईक कुईं करून वाजला.

"माझ्या घरचा गुरुवार ऱ्हायलाय," ती म्हणाली. "दोन वर्सं ऱ्हायलाय. आज घिऊन चाललेय. यायचं त्यांनी या."

"अंजूताई," मृत्युंजय माईकमधूनच बोलला, त्यामुळं ते सगळ्या गावाला ऐकू गेलं. "सभा सुरू हाय इथं..."

"सुरू कुठं हाय, भाऊ? तुमी एकलेच बोलून राहिलाव."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. अंजू वळली आणि बाहेर पडली. तिच्यामागं पहिल्यांदा एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती पुनम होती. मग काठी टेकल्याचा आवाज. ते तात्या होते. मग खुर्च्यांचे पाय फरशीवर घासण्याचा एकच कल्लोळ.

आनंदराजनं मला त्यांच्या बाहेरच्या खोलीत अंथरलं. जागा कमी, म्हणून माझं अर्धं अंग अंगणात. "या, बसा," तो म्हणाला. तो कमी बोलणारा माणूस. माणसं आली, अवघडून बसली. पुनमची सासू आली, दारालगत टेकली. सर्वांत शेवटी मृत्युंजय. तो उभाच होता. मग त्याचे गुडघे माझ्या अंगणातल्या कडेवर येऊन टेकले.

"आज माईक न्हाई," अंजू म्हणाली. "आजीचा नियम हाय. काईतरी दिल्याशिवाय उठायचं न्हाई. तात्या, तुमी."

तात्यांनी काठी बाजूला ठेवली. "आज मला वचन न्हाई सुचत, पोरी," ते म्हणाले. "त्या दिशी ही सतरंजी खांद्यावर घिऊन तुझ्या दारावरनं गेलो. तुझ्या तोंडाकडं बघवंना गेलं. भ्यालो. म्हातारा मानूस, बकऱ्यामागं लांडग्याला भ्यालो न्हाई, आन् तुला भ्यालो."

"आधण ठिवलं होतं, तात्या," अंजू म्हणाली. "समद्यांचं."

"दिसलं होतं माय. दिसलं होतं म्हनूनच मान खाली घातली."

पुनमची पाळी आली. तिनं प्रार्थना केली, रडत, अडखळत, पण शेवटपर्यंत. तिच्या सासूची बोटं माझ्यावर चुळबुळत होती. मग अंजू गुडघ्यांवर आली. मला तिचं वजन कळलं. दोन वर्षांत ती अर्धी झाली होती.

"माझी साक्ष हाय," ती म्हणाली. "साक्ष कसली, गुन्हा हाय. ऋतुजाच्या बापाला बी आजवर समदं सांगितलं न्हाई. गुरुवारी भाऊंनी फोनवर सांगितलं, देवानं वचन दिलंय. शुक्रवारी डाक्टरनं नुसती मान हलवली. आन् मी ह्यांना गावाकडं धाडलं. म्हनलं, पोरीचा नाताळचा फ्रॉक घिऊन या, तिला घालायचाय. ह्यांना वाटलं, बरी होऊन घरी यायला लागली. म्हनून हौसेनं आनला."

आनंदराज सरकून तिच्याजवळ बसला.

"पोरगी जित्ती होती. हात गरम होता तिचा. आन् मी तिला मातीत ठिवायचा फ्रॉक मागवला. वर देवाचं वचन, खाली मी फ्रॉक मागवते. इस्वास कमी पडला तो माझा. मीच मारली तिला. बोलायचं तर मला बोला, जलमभर बोला. पर ह्या पुनमला कुनी काई बोलायचं न्हाई. तिनं काई केलं न्हाई."

 पुनमच्या सासूची बोटं थांबली. पातेल्यात चहा उकळत होता, आणि तो उतरवायचं कुणाला सुचत नव्हतं. माझ्या अंगणातल्या कडेवर दोन गुडघे होते.  मग ते सरकू लागले, माणसांमधून, निळ्या पट्ट्यावरून, विटकरी पट्ट्यावरून, थेट अंजूसमोर येईपर्यंत. मी अंग आवळून धरलं. पुन्हा गीत सुरू केलंस, तर मी फाटेन, असं मी ठरवलं होतं.

"अंजूताई," मृत्युंजय म्हणाला. गिरणीवाल्याचा आवाज, पण तो उंबरठ्यापलीकडं गेला नाही. "मला वचन मिळालं नव्हतं."

"काय?"

"देव काईच बोलला न्हाई. ना सपनात, ना प्रार्थनेत. फोनवर तुझं रडनं ऐकवंना, म्हनून मीच बोललो, माझ्या मनानं, आन् देवाचं नाव लावलं. तू फ्रॉक मागवलास तो आईनं मागवावा तसाच मागवलास. तुझ्या हातनं काईच चुकलं न्हाई. खोटा मी होतो. ते मला रविवारी पहाटेच कळलं होतं, आन् तरी दोन वर्सं मी तुला त्या खोट्याखाली एकलीला मरू दिलं."